ह्येंका पैशे कोण देता?

परवा नांदगाव तिठ्यावर गाडीचं काम होईपर्यंत गॅरेजात बसलो होतो. तिथला पोरगा मोबाईलवर फ्रान्सातली 'ल मान'ची चोवीस तासांची शर्यत बघत होता. एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने चालवायचं, रात्र असो की पाऊस. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्येंका पैशे कोण देता रे?"

पोरगा हसला. मला मात्र घरी येईपर्यंत तो प्रश्न सोडेना. कारण या शर्यतींचा शंभर वर्षांचा इतिहास त्या एकाच प्रश्नात बसतो. म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

ल मानची पहिली शर्यत झाली मे १९२३ मध्ये. आयोजक तिथला स्थानिक मोटार क्लब. बक्षिसाचा चषक आणि एक लाख फ्रँक आले ते 'रज-व्हिटवर्थ' या तारांची चाकं बनवणाऱ्या कंपनीच्या फ्रान्समधल्या माणसाकडून. म्हणजे बघा, जन्मापासूनच हिशेब सरळ होता. गाडी चोवीस तास टिकली तर चाक चांगलं, चाक चांगलं तर विक्री चांगली. कंपनीने पैसे घातले ते जाहिरातीचा खर्च म्हणून.

मग आले श्रीमंत लोक. वुल्फ बार्नाटोच्या बापाने दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या हिऱ्यांत अफाट पैसा केला होता. पोराने १९२६ मध्ये डबघाईला आलेली बेंटली कंपनीच ताब्यात घेतली आणि तिच्याच गाडीत बसून १९२८, १९२९ आणि १९३० अशी सलग तीन वर्षं ल मान जिंकली. तीनदा उतरला, तिन्ही वेळा पहिला. माणूस चांगला चालवायचा यात वाद नाही. पण १९३१ मध्ये त्याने पैसे घालायचे थांबवले आणि कंपनी बुडाली. शेवटी ती रोल्स रॉईसने घेतली. एका माणसाच्या खिशावर उभा असलेला खेळ त्या खिशाबरोबरच बसतो.

आता आपल्याकडे या. हीच मंडळी एकदा मुंबईत आली होती, हे आज फार कमी जणांना माहीत असेल.

२४ नोव्हेंबर १९६८. लंडनहून ९८ गाड्या निघाल्या, सिडनीला जायला. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, दिल्ली आणि मग इंदूरमार्गे मुंबई. सुमारे अकरा हजार किलोमीटर रस्ता तुडवून ७२ गाड्या मुंबईला पोचल्या. आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी! मुंबईहून 'चुसान' नावाच्या बोटीवर गाड्या चढल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या. तिथून पुन्हा वाळवंट आणि सिडनी. शेवटी ५६ गाड्या पोचल्या. मुंबईला पहिला होता फोर्डचा रॉजर क्लार्क, पण जिंकला अँड्र्यू कोवान, हिलमन हंटर या साध्या घरगुती गाडीत. त्याच्या पुढे असलेली सिट्रोएन शेवटच्या टप्प्यात, सिडनी दीडशे-एक किलोमीटरवर असताना, समोरून आलेल्या गाडीवर आदळली.

ही शर्यत काढली कोणी? वर्तमानपत्रांनी. लंडनचा 'डेली एक्सप्रेस' आणि सिडनीचा 'डेली टेलिग्राफ'. १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं होतं, ब्रिटनमध्ये मरगळ होती. लोकांना काहीतरी खमंग वाचायला द्यायचं आणि ब्रिटिश गाड्या जगाला दाखवायच्या, असा बेत. पहिलं बक्षीस दहा हजार पौंड. फोर्ड, ब्रिटिश लेलँड, हिलमनवाली रूट्स यांनी आपापले संघ उतरवले. ब्रिटिश लष्करातल्या तुकड्यांचेही संघ होते. उरलेले हौशी लोक पदरचे पैसे घालून आणि ओळखीच्या दुकानदाराचं नाव गाडीवर रंगवून निघाले होते. एकजण तर १९३० सालची बेंटली घेऊन निघाला होता!

त्या वेळी आपल्याकडे रस्त्यावर अँबॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड. परदेशी गाडी आणायची तर परवान्याचे हेलपाटे. आपला भाग टाळ्या वाजवण्याचा.

त्याच सुमारास रेसिंगमध्ये सिगारेटचा पैसा शिरला. १९८२ मध्ये ल मानला पोर्शच्या तीन गाड्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या, तिन्हींवर 'रॉथमन्स'चे रंग. १९८८ मध्ये जॅग्वार जिंकली, तिच्यावर 'सिल्क कट'. टीव्हीवर सिगारेटची जाहिरात बंद झालेल्या देशांत शर्यतीची गाडी हीच जाहिरात झाली. २००५ मध्ये युरोपात तीही वाट कायद्याने बंद झाली.

मग आता कोण देतं? वरच्या वर्गात मोटार कंपन्याच. पण खालच्या वर्गात जे चालतं ते फार मजेशीर आहे. ड्रायव्हरला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी प्रतवारी असते. ब्राँझ म्हणजे हौशी, बहुतेक वेळा स्वतःचा धंदा असलेला माणूस. २०२४ पासून जागतिक मालिकेतल्या जीटी३ वर्गात प्रत्येक गाडीत किमान एक ब्राँझ ड्रायव्हर लागतोच. का? कारण बऱ्याच वेळा गाडीचा, टायरचा, मेकॅनिकचा आणि शेजारच्या पगारी ड्रायव्हरचा खर्च तोच उचलतो. बार्नाटो गेला नाही, त्याला नियमावलीत जागा दिली.

मला यातला उघडेपणा आवडतो. कोण पैसे घालून बसलाय आणि कोण पैसे घेऊन बसलाय, याचा अंदाज यादी वाचूनच येतो.

आपल्याकडे कसं आहे? नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनला पोचला तेव्हा पाठीशी टाटा होते. करुण चंडोक २०१२ मध्ये ल मानला सहावा आला. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये सौदीच्या वाळवंटात 'डाकार क्लासिक'ला जुनी लँड क्रूझर घेऊन उतरले. या नावांमागे वर्षानुवर्षं प्रायोजकांची दारं ठोठावणं असतं.

आणि सरकार? उत्तर प्रदेशात २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. हा खेळ नसून करमणूक आहे असं ठरवून सरकारने करमणूक कर मागितला. शर्यत गेली ती गेलीच. उलट चेन्नईत २०२४ मध्ये शहरातल्या रस्त्यावर रात्रीची शर्यत झाली, तिच्यासाठी सरकारी पैसा आला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एका राज्यात हा खेळच नाही, दुसऱ्या राज्यात तिजोरीतून खर्च करण्याइतका मोठा खेळ. धोरण कुठंय?

मधला मार्ग आपल्याच लोकांनी दाखवलाय. कोइंबतूरच्या करिवर्धनने ऐंशीच्या दशकात मारुती ८०० चं इंजिन वापरून स्वस्तातली रेसिंग गाडी बनवली. त्या 'फॉर्म्युला मारुती'वर कितीतरी पोरं शिकली. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक तर क्लबच्या सभासदांनी उभा केलाय. एका रात्रीच्या रोषणाईपेक्षा असा ट्रॅक पिढ्यांना पुरतो.

आपण कोकणातली माणसं वर्गणी जाणतो. जत्रेतल्या दशावताराला कोणी किती दिले हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. पण हल्ली क्रिकेटची स्पर्धा म्हटली की 'अमुक भाऊ चषक', बॅनरवर खेळाडूंपेक्षा भाऊंचा फोटो मोठा, आणि पैसे कुठून आले हे विचारायची सोय नाही. निवडणूक झाली की पुढच्या वर्षी चषकही गायब. बार्नाटोने निदान स्वतःचे घातले होते आणि गाडीही स्वतः चालवली होती.

बाकी सहनशक्तीची शर्यत आम्हाला नवी नाही. दर गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावर होतेच, स्वतःच्या डिझेलवर.

तर उद्या कुठल्याही शर्यतीचा, स्पर्धेचा, महोत्सवाचा बॅनर तिठ्यावर लागला, तर आजोबांचा प्रश्न विचारा. तुमच्या गावातल्या स्पर्धेला पैसे कोण देतं? माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. माहीत नसेल तर तसंही लिहा.