बुलसारचा बुलसारा आणि ‘क्वीन’चे चौघे

आडनावावरून गाव ओळखण्याची आपल्या मराठी माणसांची खोड जुनी आहे. हजीऱ्यात आणि सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत तर ती अधिकच. ज्या गावाचा ‘कर’ आपण नावाला जोडतो, ते गाव पुष्कळांनी पाहिलेलेही नसते. पारशांची रीत याहून फारशी निराळी नाही. भरूचा भरूचचे, बिलिमोरिया बिलिमोऱ्याचे, तसे बुलसारा बुलसारचे. हे बुलसार म्हणजे आजचे वलसाड. इंग्रजी अमदानीत तो सुरत जिल्ह्यातलाच एक तालुका होता. मुंबईच्या गाडीत बसले की तासाभरात ते स्टेशन येते. इतक्या जवळच्या गावाचे नाव जन्मतः धारण करणाऱ्या एका गायकावर आणि त्याच्या तीन इंग्रज सोबत्यांवर आम्ही चार दशके जीव लावून आहोत. त्या प्रेमाविषयी थोडे इतिहासाच्या अंगाने लिहावे असे मनात आले.

फर्रोख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला झाला. वडील बोमी तेथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. गुजरातच्या किनाऱ्याचा पूर्व आफ्रिकेशी व्यवहार शतकांचा, त्यामुळे बुलसारचे घराणे तिकडे गेले यात नवल नाही. नवल आहे ते मुलाला शिकायला कोठे धाडले याचे. आठेक वर्षांचा हा मुलगा समुद्र ओलांडून आला तो आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तेथेच मिळाले. त्याचा कान ओळखून मुख्याध्यापकांनी घरी पत्र धाडले, पियानोची शिकवणी सुरू झाली, आणि १९५८ च्या सुमारास पाच शाळकरी मुलांचा ‘द हेक्टिक्स’ हा बँड उभा राहिला. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी होऊन बुलसार गुजरातेत गेले व पाचगणी महाराष्ट्रात राहिली, तेव्हा हा मुलगा त्याच शाळेच्या पटावर होता. त्या तारखेने आपल्या घरांचे काय झाले ते वाचकांस सांगायला नको. त्याला मात्र त्याची खबरही नसावी. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि पुढल्याच वर्षी तिथल्या क्रांतीमुळे कुटुंबाला इंग्लंडात, लंडनजवळच्या फेल्टहॅम येथे आसरा घ्यावा लागला.

यातले काहीही आम्हांस ठाऊक नव्हते तेव्हापासून आम्ही ‘क्वीन’ ऐकत आलो. १९८० च्या दशकात तापीच्या मुखाशी वायूचे आणि खताचे कारखाने उभे राहत होते. रात्रपाळी करून आलेली तरुण मंडळी हातोहात फिरलेल्या कॅसेटी लावीत. टेप अडकली की पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा चालू. गाणारा मूळचा कोठला, हे त्या वेष्टनावर लिहिलेले नसे.

यंत्रांत वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना ‘क्वीन’ जवळचा वाटला त्याला आणखी एक कारण आहे. ब्रायन मे याची गिटार दुकानातली नव्हे. १९६३ मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरीच घडवायला घेतली. दांड्याला भिंतीतल्या शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा. जॉन डीकन हा शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचा. रस्त्यावरच्या भंगारात सापडलेल्या एका सर्किटपासून त्याने छोटा अँप्लिफायर केला, आणि त्यातून मेची गिटार एखाद्या वाद्यमेळासारखी वाजली. रॉजर टेलर दंतवैद्यक सोडून तालवाद्यांकडे आलेला, वर गळा असा की सर्वांत उंच स्वर त्याच्याकडेच येत. बँडचे मानचिन्ह फ्रेडीने स्वतः रेखाटले. त्यात चौघांच्या राशी आहेत: दोन सिंह, एक खेकडा, आणि त्याच्या स्वतःच्या कन्या राशीच्या दोन पऱ्या. पत्रिका पाहणाऱ्या आपल्या समाजाला हे आवडावे!

१९७५ चे ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचे. इतके लांब गाणे रेडिओवर लागणार नाही, असे धंद्यातल्या जाणत्यांचे मत होते. त्यातल्या ऑपेराच्या भागात मोठा समुदाय गातो आहे असे वाटते. प्रत्यक्षात फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनीच आपले आवाज थरावर थर चढवले आहेत. ते गाणे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढे १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी वेंब्लीच्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात चौघांनी वीसेक मिनिटांत सुमारे ७२ हजार श्रोत्यांना जे डोलवले, त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही भर घालत नाही.

२०१८ मध्ये चित्रपट आल्यापासून फ्रेडीवर हक्क सांगणारे वाढले. पारशांचा, गुजरातचा, पाचगणीचा. यात आपणही उडी घ्यावी, असे आम्हांस वाटत नाही. १९७० च्या सुमारास त्याने बुलसारा हे नाव टाकून ‘मर्क्युरी’ घेतले. पाचगणीविषयी तो क्वचितच बोले. काहींना हे लागते. त्या काळच्या इंग्लंडात बुलसारा नावाच्या तरुणाला रॉकच्या मंचावर कोणी सहज उभे केले असते का, याचा विचार मात्र त्यांनी करावा. मुलखापासून दूर राहणाऱ्याला नावाची किंमत काय पडते, हे आपल्याइतके कोणाला कळणार? आणि नावाच्या बाबतीत या चौघांनी केलेली एक गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. गाणे कोणाचे, पैसे कोणाचे, यावरून त्यांच्यात वाद होत. १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून प्रत्येक गाणे, कोणीही रचलेले असो, ‘क्वीन’च्या नावावर लागले. फ्रेडीचे आजारपण तेव्हा जगापासून लपलेले होते.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने तो गेला. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केला. शेवटच्या महिन्यांत, उभे राहवत नसतानाही, त्याने सोबत्यांसाठी गळा टेपवर ठेवला होता. तिघांनी तो १९९५ च्या ‘मेड इन हेवन’मध्ये सजवला. त्यातल्या ‘मदर लव्ह’चे अखेरचे कडवे त्याच्याकडून पुरे झाले नाही, ते ब्रायन गायला आहे. डीकन त्यानंतर दोनेक वर्षांत निवृत्त झाला तो पुन्हा मंचावर आला नाही.

२०१६ मध्ये फेल्टहॅमच्या त्या घरावर निळी स्मृतिपाटी बसवण्यात आली. बहीण कश्मिरा आणि ब्रायन मे यांनी तिचे अनावरण केले. तीवर ‘मर्क्युरी’ मोठ्या अक्षरांत आहे, आणि त्याखाली कंसात ‘बुलसारा’.