दुर्बोधतेची नावे : इंग्रजीतील एका शब्दसमूहाचा इतिहास

एखादी गोष्ट समजली नाही म्हणजे तिला काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु 'हे समजत नाही' असे म्हणताना बोलणारा नकळत एक निवाडाही देत असतो. न समजण्याचा दोष विषयाचा, सांगणाराचा की ऐकणाराचा, याचे उत्तर त्याने योजलेल्या शब्दातच पुष्कळदा दडलेले असते. या दृष्टीने इंग्रजी भाषेतील दुर्बोधतावाचक शब्दांचा इतिहास उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही ठळक शब्दांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

१

या इतिहासाचा आरंभ 'रिडल' म्हणजे कोडे या शब्दापासून करणे सोयीचे होईल. तो मूळचा इंग्रजी शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप 'रॅडेल्स' असे होते. पुढे त्यातील शेवटचा 'स' हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे अशा समजुतीने गळून पडला. ज्या क्रियापदापासून हा शब्द निघाला, त्याचे अर्थ सल्ला देणे, उलगडा करणे असे होते, आणि वाचणे या अर्थाचे आजचे 'रीड' हे क्रियापदही त्याचेच रूप होय. अक्षरे वाचणे आणि कोडे उलगडणे या क्रिया त्या काळच्या लोकांना एकाच जातीच्या वाटल्या, असे यावरून दिसते.

बिशप लिओफ्रिक (मृत्यू १०७२) याने एक्झिटर येथील कॅथीड्रलला जी ग्रंथसंपदा दिली, तीतील एका हस्तलिखितात नव्वदांहून अधिक पद्यमय कोडी आहेत. ग्रंथातील शब्द खाऊनही शहाणी न झालेली कसर हा त्यांतील एकाचा विषय आहे. हस्तलिखितात उत्तरे दिलेली नाहीत. पण कोडे म्हटले की त्याला उत्तर हे असतेच. येथे दुर्बोधता हा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामधील एक खेळ आहे. त्यात कोणाचा अपमान नाही.

गंभीर प्रसंगी हेच काम 'डार्क' म्हणजे अंधारा या देशी शब्दावर भागत असे. विल्यम टिंडल याने १५२६ मध्ये नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १३) मूळ ग्रीक 'ऐनिग्मा' या शब्दासाठी त्याने 'अंधारे बोलणे' अशा अर्थाचे दोन साधे शब्द योजले. १६११ च्या अधिकृत भाषांतरातही त्या स्थळी 'डार्क' याच शब्दापासून झालेले क्रियाविशेषण आहे. म्हणजे दुर्बोधता व्यक्त करण्यास देशी शब्द असमर्थ होते, असे म्हणता येत नाही.

२

असे असूनही सोळाव्या आणि सतराव्या शतकांत या अर्थाच्या लॅटिन व ग्रीक शब्दांची इंग्रजीत रीघ लागली. 'ऑब्स्क्यूअर' हा फ्रेंचच्या द्वारे त्यापूर्वीच आलेला होता. त्याचा मूळ अर्थही अंधारलेला असाच. नव्याने आलेल्या शब्दांतील प्रतिमा मात्र वेगळी आहे. 'अ‍ॅब्स्ट्रूस' म्हणजे दूर ढकलून लपविलेले. 'रेकन्डाइट' म्हणजे आत साठवून ठेवलेले. 'आर्केन' या शब्दाचे नाते पेटी या अर्थाच्या लॅटिन 'आर्का' शब्दाशी आहे. 'क्रिप्टिक' म्हणजे झाकलेले. 'एसोटेरिक' म्हणजे आतल्या मंडळींपुरते. अंधारात दिवा नेला म्हणजे काम होते. पेटीला मात्र किल्ली लागते, आणि किल्ली कोणाच्या तरी हाती असते. ज्ञान ही विद्वानांच्या ताब्यातील ठेव आहे, ही कल्पना या शब्दांबरोबर इंग्रजीत स्थिरावली.

ही आयात वादावाचून झाली नाही. अशा शब्दांना 'इंकहॉर्न' शब्द, म्हणजे दौतीतले शब्द, असे हेटाळणीचे नाव मिळाले. दौत म्हणून तेव्हा शिंग वापरीत. टॉमस विल्सन याने १५५३ च्या आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात अशा शब्दांनी खच्चून भरलेले एक विडंबनात्मक पत्र दिले. पण काळाचा न्याय चमत्कारिक असतो. त्या पत्रात हास्यास्पद म्हणून योजलेल्या शब्दांपैकी 'सेलिब्रेट', 'मंडेन', 'डेक्स्टेरिटी' हे आज कोणासही खटकत नाहीत, तर 'ऑब्टेस्टेट' यासारखे कायमचे लुप्त झाले. सर जॉन चीक याने १५५७ च्या एका पत्रात, आपली भाषा परक्या शब्दांची भेसळ न होता शुद्ध राहावी, असे मत मांडले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या भाषांतरात त्याने रोमन 'सेंच्युरिअन'करिता शंभर या अर्थाच्या देशी शब्दावरून 'हंड्रेडर' असा नवा शब्द घडविला. तो रुजला नाही. देशी असणे म्हणजे सुबोध असणे नव्हे, हा धडा चीकच्या प्रयत्नातून मिळतो.

३

या वादातून इंग्रजी कोशाचा जन्म झाला. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने सुमारे २,५०० 'कठीण' शब्दांचा जो संग्रह छापला, तो केवळ इंग्रजी शब्दांचा पहिला इंग्रजी कोश मानला जातो. तो स्त्रिया व इतर अशिक्षित व्यक्ती यांच्या उपयोगासाठी आहे, असे मुखपृष्ठावरच नमूद होते. ज्यांना लॅटिन शाळांची दारे बंद होती, त्यांना आता आपल्याच भाषेतील प्रवचन समजण्यासाठी कोश लागू लागला. गंमत अशी की, दौतीतले शब्द टाळा हा विल्सनचा उपदेश कॉड्रीने आपल्या प्रस्तावनेत उचलून घेतला होता.

१६२३ मध्ये हेन्री कोकेरम याने याच्या पुढचे पाऊल टाकले. त्याच्या कोशाच्या एका भागात सोपे शब्द देऊन त्यांना प्रौढ पर्याय सुचविलेले आहेत. कठीण शब्द समजून घेणे एवढ्यावर वाचक आता संतुष्ट नव्हता. त्याला स्वतःलाही कठीण बोलावयाचे होते. दुर्बोधता ही प्रतिष्ठेची खूण झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. पुढे १७५५ मध्ये डॉ. जॉन्सनने आपल्या कोशात जाळीकाम या अर्थाच्या 'नेटवर्क' या साध्या शब्दाची जी व्याख्या दिली, ती मूळ शब्दाहून कितीतरी अवघड आहे. तिचा आजही थट्टेने उल्लेख होतो.

४

आतापर्यंत पाहिलेले विद्वत्प्रिय शब्द बहुतांशी विषयाला खोली बहाल करतात आणि बोलणाराला दोषमुक्त ठेवतात. याच्या उलट प्रवृत्तीचा एक दुसरा गट इंग्रजीत आहे, आणि तो प्रतिमांवर नव्हे तर ध्वनींवर उभा आहे. 'जार्गन' हा फ्रेंचमधून आलेला शब्द मूळचा पक्ष्यांच्या किलबिलाटाचा वाचक. चौदाव्या शतकात चॉसरने 'मर्चंट्स टेल'मध्ये तो एका वाचाळ म्हाताऱ्याविषयी वापरताना मॅग्पाय पक्ष्याची उपमा दिली आहे. विशिष्ट धंद्याची परिभाषा हा त्याचा अर्थ नंतरचा. सोळाव्या शतकातील 'गिबरिश' हा बहुधा अनुकरणवाचक शब्द होय. टेक्ससच्या मॉरी मॅव्हरिक याने तर १९४४ मध्ये, अमेरिकेतील एका युद्धकालीन सरकारी मंडळाचा प्रमुख असताना, हाताखालच्या लोकांच्या बोजड कार्यालयीन भाषेला कंटाळून 'गॉबलडिगूक' हा शब्दच बनविला. छाती फुगवून ओरडणाऱ्या टर्की कोंबड्यावरून तो आपल्याला सुचला, असे त्याने सांगितले. हे शब्द वापरणारा मनुष्य 'मी अडाणी आहे' असे म्हणत नाही. 'तू नीट बोलत नाहीस' असे म्हणतो.

हा केवळ शब्दांचा पालट नव्हता. टॉमस स्प्रॅट याने १६६७ मध्ये रॉयल सोसायटीच्या इतिहासात पंडितांच्या भाषेपेक्षा कारागीर, शेतकरी व व्यापारी यांची भाषा अधिक पसंत असल्याचे नमूद केले होते. सर अर्नेस्ट गॉवर्स याने ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून लिहिलेले, साध्या शब्दांचा पुरस्कार करणारे पुस्तक १९४८ मध्ये निघाले, आणि सरकारी लिखाण सुबोध असावे असा कायदा अमेरिकेत २०१० मध्ये झाला. दुर्बोधतेचा भार ऐकणारावरून बोलणारावर सरकण्यास अशा रीतीने तीन-साडेतीन शतके लागली. अर्थात् पहिला गट नष्ट झालेला नाही. दोन्ही निवाडे भाषेत शेजारी शेजारी नांदत आहेत.

५

मराठी भाषांतरकाराला या इतिहासाचा उपयोग आहे. आपल्याकडील 'गूढ' शब्दाच्या मुळाशी लपविणे या अर्थाचा 'गुह्' धातू आहे. तो 'अ‍ॅब्स्ट्रूस'च्या कुळातला. 'क्लिष्ट' शब्दाच्या मुळाशी 'क्लिश्' म्हणजे पीडणे हा धातू असून, साहित्यशास्त्राने क्लिष्टत्वाची गणना काव्यदोषांत केलेली आहे. 'दुर्बोध' हा शब्द दोन्ही पक्षांना मोकळा ठेवतो. म्हणून 'अ‍ॅब्स्ट्रूस'करिता 'क्लिष्ट' लिहिणारा भाषांतरकार केवळ पर्याय देत नाही. तो विषयाचे ओझे लेखकाच्या माथी मारतो. उलट, सदोष लिखाणाला 'गूढ' म्हणणारा परीक्षक त्या लेखकाला न कमावलेली प्रतिष्ठा देतो, आणि जो विद्यार्थी ते लिखाण वाचून खाली मान घालतो, त्याच्यावर अन्याय करतो. कोशात हे तीनही शब्द एकाच ओळीत पर्याय म्हणून देण्याची आपली प्रथा यासाठीच तपासून पाहिली पाहिजे.