कोणाच्या गाडीचे चाक धरावे?

आपल्या भाषेत नोकरी 'लागते'. ठेच लागते, दृष्ट लागते, तशी नोकरीही लागते आणि तशीच ती सुटते. माणसाने दोन नोकऱ्या समोर ठेवून, तागडीत घालून, त्यांतली एक निवडली असे आपण क्वचितच ऐकतो. मुलीसाठी स्थळे पाहताना जी बारकाई आपण दाखवतो, ती स्वतःच्या पोटापाण्याच्या बाबतीत दाखवण्याची संधीच मुळी कोणाला मिळत नाही.

अमेरिकेतील मालमोटार चालवणाऱ्या माणसाला मात्र ही संधी वारंवार मिळत आली आहे. त्याच्या हाती एकाच वेळी दोन कंपन्यांची बोलावणी असतात. एक म्हणते, आमच्याकडे मैलाला चार सेंट अधिक; दुसरी म्हणते, आमच्याकडे शनिवारी रात्री तुम्ही घरी. वरवर पाहता हा मामला आकडेमोडीचा वाटतो. परंतु या निवडीत त्याचे म्हातारपण, त्याच्या मुलांचे बालपण आणि कित्येकदा त्याचे छप्परसुद्धा पणाला लागलेले असते. गेल्या नव्वद वर्षांत या एकाच प्रश्नाचा अर्थ कसा पालटत गेला, हे पाहण्यासारखे आहे.

तेथील वाहकांच्या संघटनेचे नाव 'टीमस्टर्स'. टीम म्हणजे गाडीला जुंपलेली घोड्यांची जोडी आणि टीमस्टर म्हणजे आपला गाडीवान. ही संघटना १९०३ साली स्थापन झाली तेव्हा ती खरोखरीच घोडागाडीवाल्यांची होती. घोडे गेले, इंजिने आली, तरी संघटनेच्या मुद्रेवर घोड्यांची दोन मस्तके अजून आहेत.

१९३० नंतरच्या महामंदीत या धंद्याची दैना उडाली. बेकार झालेला कोणीही हप्त्याने ट्रक घेई आणि मिळेल त्या भाड्यात माल उचली. एकाने भाडे पाडले की दुसरा त्याहून पाडी. ड्रायव्हर गाडीतच झोपे, गाडीतच खाई. त्या काळात निवड कसली? जो चाक हाती देईल तो मालक. मिनियापोलिस शहरात १९३४ च्या मे महिन्यात या लोकांनी संप पुकारला. २० जुलै रोजी पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. दोघे मेले, ६७ जखमी झाले. ऑगस्टमध्ये मालकांना तडजोड करावी लागली.

त्या संपात फॅरेल डॉब्स नावाचा कोळशाच्या वखारीतला एक कामगार पुढे आला. त्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. हमरस्त्यावर एकटा धावणारा ड्रायव्हर संघटनेच्या हाती लागत नाही हे खरे. पण त्याची गाडी कुठेतरी रिकामी व्हावीच लागते. त्या गोदामातले हमाल जर संघटनेचे असतील आणि करार न केलेल्या कंपनीच्या मालाला हात लावायचा नाही असे त्यांनी ठरवले, तर शिकागोचा मालकही आपण होऊन सही करायला येतो! या युक्तीच्या जोरावर १९३८ साली ११ राज्यांतील लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांसाठी एकच करार झाला. डेट्रॉइटचा एक तरुण ही सारी विद्या डॉब्सपासून शिकला. त्याचे नाव जिमी हॉफा.

दुसरीकडे सरकारही जागे झाले होते. ९ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोटार वाहतुकीच्या कायद्यावर सही केली. कोणत्या कंपनीने कोणता माल, कोणत्या गावाहून कोणत्या गावी न्यायचा, याचा परवाना आता वॉशिंग्टनहून मिळू लागला. नव्या कंपनीला दार जवळजवळ बंदच झाले. भाडेही कंपन्या मिळून ठरवीत. स्पर्धा उरली ती वक्तशीरपणाची आणि गिऱ्हाइकाच्या मर्जीची. आपल्याकडे १९९१ पर्यंत ज्याला परवाना-राज म्हणत, त्याचेच हे अमेरिकन भावंड. भांडवलशाहीच्या माहेरघरी ते ४५ वर्षे सुखाने नांदले, ही मोठी गंमत!

१९६४ च्या जानेवारीत हॉफाने देशभरचा एक सामायिक करार घडवून आणला. सुमारे चार लाख ड्रायव्हर आणि गोदाम-कामगार त्याखाली आले. हॉफा हा काही संत नव्हता. त्याच वर्षी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, १९६७ मध्ये तो तुरुंगात गेला, आणि ३० जुलै १९७५ रोजी तो जो नाहीसा झाला तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. परंतु ट्रकवाल्याच्या घरात दोन वेळचे सुग्रास जेवण, स्वतःचे घर आणि मुलांचे कॉलेज त्या कराराने आले, हे त्याचे शत्रूही नाकारीत नाहीत.

आता प्रश्न असा, की पगार सर्वत्र सारखाच, तर मग कंपनी निवडायची कशावरून? येथेच या नोकरीचे खरे मर्म आहे. प्रत्येक गाडीतळावर नावांची एक यादी असे. जो आधी लागला त्याचे नाव वर. खेपा वाटायची वेळ आली की यादीतला पहिला माणूस आधी निवडणार. तो अर्थातच दिवसाची, ठरलेल्या वेळेची, रात्री घरी आणून सोडणारी खेप घेणार. असे करीत करीत शेवटच्या माणसाला काहीच उरत नसे. त्याने फोनपाशी बसून राहायचे. रात्री दोनला घंटी वाजली की अंथरुणातून उठून निघायचे. वर्षे जातील तसतसे नाव वर सरके. मात्र ही ज्येष्ठता त्या कंपनीपुरतीच. दुसऱ्या कंपनीत गेला की पंचवीस वर्षांचा मुरलेला ड्रायव्हरही पुन्हा यादीच्या तळाशी. निवृत्तिवेतनाचे तसे नव्हते. मध्यवर्ती राज्यांतील कंपन्यांचा मिळून १९५५ साली एक निधी उभारला गेला होता, त्यामुळे मालक बदलला तरी ती शिल्लक बुडत नसे. पण तरुणपणी यादीच्या तळाशी काढलेल्या रात्री दुसऱ्या मालकाकडे मांडता येत नसत.

म्हणजे पंचविसाव्या वर्षी ड्रायव्हरने विचारायचा प्रश्न, 'पगार किती?' हा नव्हेच. 'ही कंपनी आणखी तीस वर्षे जगेल काय?' हा. लग्नाहून निराळे काय आहे यात?

जगतील असे वाटणारी नावे होती. १९२९ साली पोर्टलंडमध्ये निघालेली कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज. तिला मनाजोगत्या गाड्या मिळेनात म्हणून तिने स्वतःच ट्रक बांधायला सुरुवात केली, तो आजचा प्रसिद्ध फ्रेटलायनर. १९३० ची ऍक्रनची रोडवे. आणि १९२४ साली ओक्लाहोमा सिटीत निघालेली यलो. यलो म्हणजे पिवळी. पण तिच्या गाड्या नारिंगी! रस्त्यावर दुरून कोणता रंग सर्वांत आधी दिसतो याचा शोध घेतला तेव्हा उत्तर नारिंगी आले, म्हणून १९३७ पासून गाड्या नारिंगी झाल्या आणि नाव पिवळेच राहिले.

१ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने परवान्यांची ती भिंत कोसळली. कोणालाही गाड्या घालता येऊ लागल्या, भाडी उतरली, गिऱ्हाईक खूश झाले. त्यात ग्राहकाचे हित झाले हे कबूल केलेच पाहिजे. पण पूर्वीच्या अग्रगण्य कंपन्यांपैकी बहुतेक पुढील पंचवीस वर्षांत नाहीशा झाल्या. कन्सॉलिडेटेड फ्रेटवेजने २००२ च्या सप्टेंबरात गाशा गुंडाळला, तोही तेथील कामगार दिनाच्या सुटीत.

नव्या जमान्यात धंद्याचे दोन तट पडले. एक फुटकळ मालाचा: दहा गिऱ्हाइकांचे खोके तळावर गोळा करून, वर्गवारी करून पुढे धाडायचे. यात ठरलेली खेप, ठरलेले घर. दुसरा पूर्ण गाडीचा: एकाच गिऱ्हाइकाचा माल भरायचा आणि हजार मैल जायचे, तेथून जो माल मिळेल तो घेऊन आणखी कुठेतरी. यात ड्रायव्हर दोन-दोन, तीन-तीन आठवडे घराबाहेर. आपल्याकडे ड्रायव्हरच्या जोडीला निदान क्लीनर तरी असतो. तिकडे बहुधा तो आणि रस्ता.

या दुसऱ्या तटातल्या कंपन्यांची बोलावणी फार गोड असतात. मैलाचा दर ठळक अक्षरांत. पण मैल कोणता? जुन्या प्रथेप्रमाणे अंतर मोजत ते एका गावच्या टपाल कचेरीपासून दुसऱ्या गावच्या टपाल कचेरीपर्यंत, छापील पुस्तकावरून. गाडी प्रत्यक्षात त्याहून अधिक धावे आणि वरचे मैल ड्रायव्हरच्या खाती धर्मादाय जमा! शिवाय गोदामाच्या दारात माल उतरण्याची वाट पाहत गेलेले चार-पाच तास, त्यांचे पुष्कळदा काहीच नाही. १९३८ च्या मजुरी-कायद्याने इतर कामगारांना जादा तासांची दीडपट मजुरी दिली, पण आंतरराज्य ट्रकवाल्याला त्यातून वगळले. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी असे ठरवले होते. ते किती पाळले गेले, हे आपल्या रस्त्यांवर रात्री डोळे ताणून बसलेल्या ड्रायव्हरला कोणी विचारू नये.

सर्वांत गोड बोलावणे 'स्वतः मालक व्हा' हे. ट्रक कंपनीच भाड्याने देणार, भाडे आणि इंधन कमाईतून कापणार. न्यू प्राइम या कंपनीविरुद्ध असा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारीत आपल्याला दहा हजार मैल विनावेतन चालवावे लागले, पुढे कापाकापी होऊन काही वेळा आपणच कंपनीचे देणे लागत होतो, असे ड्रायव्हरचे म्हणणे होते. १५ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने असा निर्णय दिला की त्याला लवादाकडे ढकलता येणार नाही. 'ठेकेदार' म्हटले तरी तो कामकरीच. पूर्ण गाडीच्या मोठ्या कंपन्यांत वर्षाकाठी शंभर जागांमागे नव्वदाहून अधिक माणसे बदलतात असे कित्येक वर्षे दिसून आले. कंपन्या म्हणतात, ड्रायव्हर मिळत नाहीत. मिळतात, राहत नाहीत. फुटकळ मालाच्या कंपन्यांतून मात्र माणसे सहसा हलत नाहीत.

पण न हलणाऱ्यांचेही काय झाले ते पाहा. यलोने २००३ साली आपली जुनी प्रतिस्पर्धी रोडवे विकत घेतली आणि कर्जात बुडाली. २००९ साली कंपनी वाचावी म्हणून कामगारांनी मत देऊन पगारात एकंदर १५ टक्के कपात पत्करली. निवृत्तिनिधीतला कंपनीचा भरणा थांबला आणि २०११ मध्ये सुरू झाला तो पूर्वीच्या चतुर्थांशाने. २०१० साली एबीएफ या प्रतिस्पर्धी कंपनीने उलट फिर्याद केली: यलोच्या माणसांना कमी पगारावर राबू दिलेत, हा आमच्यावर अन्याय! फिर्याद टिकली नाही. पण दोन कंपन्यांच्या स्पर्धेत शेवटी कोणाचे अंग झिजते, ते त्या कागदावर उघडे लिहिले गेले.

त्या सुमारास यलोतल्या ड्रायव्हरपुढे निवड होती: संघटना नसलेल्या पण भरभराटीच्या कंपनीत जाऊन यादीच्या तळाशी बसायचे, की वरच्या जागेवर बसून बुडत्या नावेत राहायचे? पन्नाशीच्या माणसाने राहणे पसंत केले तर त्याला वेडा म्हणणे मला तरी जमत नाही. त्याने वीस वर्षांच्या रात्री घालून ती दिवसाची खेप मिळवलेली होती.

२०२० साली सरकारने यलोला ७० कोटी डॉलरचे कर्ज दिले. २०२२ च्या डिसेंबरात त्या जुन्या निवृत्तिनिधीला जवळजवळ ३६ अब्ज डॉलर देऊन सरकारने तोही सावरला, त्यामुळे सुमारे साडेतीन लाख कुटुंबांची म्हातारपणची भाकरी वाचली. कंपनी मात्र वाचली नाही. ३० जुलै २०२३ रोजी तिचे काम थांबले. हॉफा नाहीसा झाला तीच तारीख, ४८ वर्षांनंतरची. सुमारे ३० हजार माणसे बेकार झाली. त्यांपैकी २२ हजार संघटनेची होती. कंपनीने संघटनेला दोष दिला, संघटनेने कंपनीला.

डिसेंबर २०२३ मध्ये यलोच्या सुमारे १३० गाडीतळांचा लिलाव १.८८ अब्ज डॉलरला उरकला. एक्सपीओने २८ तळ घेतले, एस्टेसने २४, साइयाने १७. तळ तेच राहिले, दारावरची नावे बदलली. यलोचा जुना ड्रायव्हर त्यांपैकी एखाद्या दारातून पुन्हा आत गेला, तर तो रुजू झाला ती तारीखच त्याची ज्येष्ठता. यादीत वरती विशी-तिशीतली पोरे, आणि रात्री दोनला वाजणारा फोन त्याच्या उशाशी.