आठ विद्यार्थ्यांची शाळा

सन १७९४ मध्ये मद्रासला सेंट जॉर्ज किल्ल्याजवळ मायकेल टॉपिंग यांनी भूमापनाची शाळा काढली. विद्यार्थी अवघे आठ. कंपनीला मोजणीच्या कामी जाणते मदतनीस हवे होते, आणि विद्या दिली गेली ती त्या गरजेपुरतीच. गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय हा याच रोपट्याचा वृक्ष होय.

१९७३ साली त्याच नगरीतील आयआयटीमध्ये आयबीएमचे ३७०/१५५ हे गणकयंत्र आले. तेव्हा विद्यार्थ्याने छिद्रित पत्त्यांची चळत घेऊन यंत्राच्या दारी जायचे, अशी रीत होती. २०२० साली मात्र याच संस्थेने प्रोग्रॅमिंग व विदाविज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आंतरजालावरून खुला केला. त्यास जेईईची अट नाही, वयाचे बंधन नाही. पात्रता परीक्षा तेवढी द्यावी लागते.

आठांच्या जागी सहस्रावधी विद्यार्थी आले, हे थोडे नव्हे. तथापि गडचिरोलीच्या मुलाला हा पाठ आजही इंग्रजीतूनच ऐकावा लागतो. मराठीतून तितकाच कसदार पाठ उभा राहीपर्यंत त्याचे निम्मे श्रम यंत्राशी नव्हे, तर भाषेशी झुंजण्यातच खर्ची पडणार.