किल्ली कोणाकडे?

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनासाठी होणारी गर्दी मुंबईकरांच्या ओळखीची आहे. हातात मेणबत्त्या, फुलं, नवसाची मेणाची घरं. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं. याच चर्चला १८५३ साली वेढा पडला होता. वेढा घालणारे कॅथलिक होते आणि आत अडकलेलेही कॅथलिकच. बिशप अनास्तासियस हार्टमन हे स्विस कापुचिन आपल्या माणसांसह दारं लावून बसले होते. चर्च विरोधकांच्या हाती देण्यापेक्षा मरण पत्करेन, असा त्यांचा पवित्रा होता. आतल्यांना अन्नपाणी मिळणं मुश्कील झालं. पंधराव्या दिवशी इंग्रज सरकार मध्ये पडलं, दारं उघडण्यात आली आणि चर्च बाहेरच्या पक्षाकडे गेलं.

गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची मिस्सा एकच, तीही लॅटिनमध्ये. संत तेच, सण तेच, पोपही तोच. वाद श्रद्धेचा नव्हताच. या धर्मग्रामात फादर कोणी नेमायचा, रोमने की पोर्तुगालच्या राजाने, एवढाच प्रश्न होता.

राजाचा संबंध येतो पैशातून. पंधराव्या-सोळाव्या शतकात पोपने पोर्तुगालशी एक व्यवहार केला, त्याला पाद्रुआदो म्हणतात. पूर्वेकडे चर्च बांधायची, पाद्री पाठवायचे, त्यांचे पगार द्यायचे ही जबाबदारी राजाची. बदल्यात धर्माच्या नावाने गोळा होणारा दशांश कर राजाचा आणि बिशपपदासाठी नाव सुचवायचा हक्कही राजाचा. आजच्या भाषेत, सर्व्हरचं बिल राजा भरत होता, म्हणून अ‍ॅडमिनचे हक्कही त्याच्याकडे. देणगी आणि सत्ता एकाच पाकिटात आली होती.

रोमला याचा पस्तावा व्हायला फार काळ लागला नाही. १६२२ साली पोपने मिशनचं काम स्वतःच्या हातात घेण्यासाठी ‘प्रोपगंडा फिडे’ ही संस्था काढली. ‘प्रपोगंडा’ हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द तिथूनच आला. तिच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक होते गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो. जन्माने ब्राह्मण कुटुंबातले. गोव्यात दीक्षा मिळेना म्हणून ते थेट रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशप. आदिलशाही मुलुख त्यांच्याकडे सोपवण्यात आला. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना बिशप मानायला नकार दिला. म्हणजे तेव्हा देशी माणसाच्या बाजूने उभं होतं रोम आणि त्याला अडवत होता पाद्रुआदो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे चित्र उलटं होतं.

मुंबई १६६१च्या तहाने इंग्रजांकडे आली. मालक बदलला, पण इथल्या चर्चचे पाद्री मात्र गोव्याच्या आर्चबिशपच्या हुकमातले. आपल्या बेटावरचे पाद्री परक्या राजाला बांधलेले, हे इंग्रजांना खुपणारच. १७२० साली गव्हर्नर चार्ल्स बून याने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढलं आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट बिशपला आणलं. प्रोटेस्टंट सरकार कॅथलिकांचा धर्मगुरू ठरवत होतं! पुढे गोव्याच्या बाजूने तक्रारी होत राहिल्या. शेवटी १७९४ साली कंपनीने मालमत्तेच्या दाव्यात करावी तशी वाटणी केली. मुंबईतली चार मुख्य चर्च दोघांत दोन-दोन. माहीमचं सेंट मायकल रोमच्या वाट्याला आलं.

१८३८ साली पोप सोळाव्या ग्रेगरीने पाद्रुआदोचे अधिकार बरेच छाटले. तोवर पोर्तुगालने स्वतःच १८३४ साली धर्मसंघ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली होती. बिल भरणारा हात आखडला, पण अ‍ॅडमिनचा हक्क सुटेना. गोव्याने हा हुकूम मानला नाही आणि त्यातूनच पंधरा वर्षांनी माहीमचा वेढा उभा राहिला.

आता ती उलटापालट पाहा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत रोमच्या बाजूचे बिशप इटालियन, स्विस, जर्मन. पाद्रुआदोच्या बाजूला बहुतेक गोव्याचे देशी पाद्री. अनेक भाविकांसाठी पोर्तुगालचा राजा दूरचं नाव होतं. त्यांच्या पोरांचा बाप्तिस्मा करणारा, म्हाताऱ्यांना शेवटचं तेल लावणारा गोंयकार फादर मात्र घरचा होता. परंपरा वाचवायची म्हणून जी माणसं भांडत होती, त्यांच्या मनातली परंपरा लिस्बनची नसावी. ती रविवारच्या ओळखीच्या आवाजाची असावी. रोमच्या बाजूच्यांनाही आपणच मूळ परंपरेचे वाटत होतो, कारण पोपची आज्ञा त्यांच्याकडे होती.

१८८६च्या करारानेही गाठ सुटली नाही. मुंबईचा आर्चबिशप रोमचा, पण शहरातली जुनी पाद्रुआदो चर्च दमणच्या बिशपकडे. एकट्या वांद्र्यात सेंट अँड्र्यूज एका बिशपचं, सेंट पीटर्स दुसऱ्याचं. शेजारी राहणारी दोन कुटुंबं, पण त्यांचे बिशप वेगळे. त्याच सुमारास, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. नोकऱ्यांच्या स्पर्धेत आपण गोव्याहून आलेल्यांपेक्षा वेगळे, हे सांगणं गरजेचं झालं होतं. निष्ठा कोणाशी दाखवायची हा हिशेब आता फक्त बिशपांपुरता उरला नव्हता.

१९२८ साली तोडगा निघाला तोही नमुनेदार. दमणचा धर्मप्रांत बंद, आणि मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. भारतीय माणसाचं नाव या पाळीत कुठेच नव्हतं.

ही पाळी मोडली थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेझुइटाने. १९३७ पासून ते आर्चबिशप होते. आपल्यानंतर भारतीय यावा म्हणून त्यांनी रोमकडे आग्रह धरला, १९४६ साली व्हलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाल्यावर स्वतः शहर सोडलं आणि पद मात्र रिकामं करून दिलं नाही. रिकामं केलं असतं तर करारानुसार पाळी पोर्तुगालची होती. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने भारतातल्या नेमणुकांवरचा हक्क सोडला. त्याच वर्षी रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. गोवन आईबापांचा, कराचीत जन्मलेला मुलगा. राजा कधीच गेला होता, गोरा साहेबही गेला होता; त्यांच्यात झालेली वाटणी मोडायला एका माणसाला चार वर्षं नुसतं खुर्ची अडवून बसावं लागलं.