फाँकचं विमान आणि सुटलेली चाकं

लिंडबर्गची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ऐकून माहीत असते. त्याच्या आठ महिने आधी त्याच न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट फील्डवर जे घडलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला ती गोष्ट जास्त जवळची वाटते, त्यातल्या दोन माणसांमुळे.

रेमाँ ऑर्टेग हा न्यूयॉर्कमधला फ्रेंच हॉटेलवाला. न्यूयॉर्क ते पॅरिस (किंवा उलट) न थांबता उडून जाणाऱ्याला २५,००० डॉलर, असं बक्षीस त्याने १९१९ साली जाहीर केलं. १९२६ मध्ये त्यावर दावा सांगायला निघाला रेने फाँक. पहिल्या महायुद्धात शत्रूची ७५ विमानं नावावर असलेला हा फ्रेंच वैमानिक. विमान बांधलं इगोर सिकॉर्स्कीने, म्हणजे पुढे हेलिकॉप्टरमुळे नाव झालं तोच. तेव्हा तो रशियातून परागंदा होऊन आलेला, जेमतेम कारखाना चालवणारा गृहस्थ होता.

एस-३५ हे दुपंखी विमान, खालचा पंख वरच्यापेक्षा आखूड. आधी दोन इंजिनं ठरली होती, मग तीन झाली. तिसरं इंजिन आलं की पेट्रोल वाढतं, पेट्रोल वाढलं की वजन, आणि वजन वाढलं की ते सगळं पेलायचं कुणी? चाकांनी! नेहमीची चाकं पुरेनात म्हणून जादा चाकांची जोड लावली. उडाल्यावर ती हवेतच सोडून द्यायची, असा बेत. सिकॉर्स्कीला आणखी चाचण्या हव्या होत्या. पूर्ण वजन घेऊन विमान एकदाही उडालेलं नव्हतं. पण मोसम संपत आला होता आणि मंडळींना घाई होती.

२१ सप्टेंबर १९२६ ची सकाळ. विमानात सुमारे नऊ हजार लिटर पेट्रोल, एकूण वजन साडेबारा टनांच्या आसपास. शिवाय आत झोपायला बिछाना, आणि पॅरिसला न्यायची क्रोसाँ! (मला राहून राहून ही क्रोसाँच आठवतात.) विमान धावू लागलं आणि अर्ध्या वाटेतच ती जादा चाकं ढिली होऊन सुटली. त्यांनी शेपटीचं नुकसान केलं असं बहुतेक वर्णनांत येतं. उडायला लागणारा वेग आलाच नाही. धावपट्टी संपली, पुढे उतार होता. विमान त्यात कोसळलं आणि पेटलं.

फाँक आणि सहवैमानिक कर्टिन बाहेर पडले. रेडिओवाला शार्ल क्लाव्हिए आणि मेकॅनिक जेकब इस्लामॉफ आतच राहिले. इस्लामॉफ सिकॉर्स्कीसारखाच रशियन, आपला देश मागे टाकून आलेला. कितीतरी पुस्तकांत हे दोघे एका वाक्यात येऊन जातात. फाँकने वेळेत थांबायला हवं होतं का, यावर तेव्हा बराच वाद झाला. माझ्या मते खरा निर्णय त्या सकाळच्या आधीच झाला होता, चाचण्या उरकायच्या ठरल्या तेव्हा.

सेंट लुईसला टपालाची विमानं चालवणाऱ्या २४ वर्षांच्या लिंडबर्गने ही बातमी वाचली. त्याने उलटा विचार केला. एक इंजिन, एक माणूस, रेडिओ नाही, बिछाना तर नाहीच. चाकांमधलं अंतर मात्र वाढवून घेतलं. २० मे १९२७ ला रूझवेल्ट फील्डवरूनच तो उडाला तेव्हा त्याचं वजन होतं सुमारे २,३८० किलो, फाँकच्या विमानाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी.

आणि मधल्या काळात, ८ मे १९२७ ला, नुंजेसर आणि कोली पॅरिसच्या ल बुर्जेहून निघाले. त्यांचंही दुपंखीच विमान, ‘पांढरा पक्षी’. वजन वाचवायला त्यांनी उडाल्यावर चाकं मुद्दाम टाकून दिली. न्यूयॉर्कला पाण्यावर उतरायचं ठरलं होतं. ते दोघे कुठे गेले हे आजवर कळलेलं नाही. टाकून दिलेली ती चाकं मात्र ल बुर्जेच्या संग्रहालयात आहेत.