डोंगरवाटांवरील ग्रॅव्हल सायकलिंग

डोंगरवाटांवरील ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे खडी, मुरूम व मातीच्या रस्त्यांसाठी बनवलेली सायकल मूळतः माउंटन बाइकसाठी असलेल्या पायवाटांवर चालवणे. ग्रॅव्हल सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी असते. तिचे हँडल खाली वळलेले असते, सांगाडा हलका असतो आणि धक्के शोषणारी यंत्रणा बहुधा नसते. मात्र तिचे टायर रुंद असतात आणि ब्रेक चकतीचे असतात. डांबरी रस्ता, कच्चा रस्ता आणि सोपी डोंगरवाट हे तिन्ही एकाच दिवसाच्या प्रवासात येत असतील तर ही सायकल सोयीची ठरते. दगडधोंड्यांच्या तीव्र उतारावर मात्र तिची मर्यादा लवकर उघडी पडते. ही मर्यादा कोठे सुरू होते हे ओळखण्यावर चालकाची सुरक्षितता अवलंबून असते.

नाव

ग्रॅव्हल या इंग्रजी शब्दाचा अर्थ खडी. मराठीत या सायकलीला रूढ देशी नाव नाही; सायकलपटू व दुकानदार ‘ग्रॅव्हल बाइक’ असेच म्हणतात. ‘खडीची सायकल’ हे भाषांतर अर्थाने बरोबर असले तरी महाराष्ट्राच्या पठारी भागाला ते पुरते लागू पडत नाही. येथील कच्चे रस्ते खडीपेक्षा मुरमाचे अधिक आहेत आणि सायकलीच्या चाकाला मुरूम व सुटी खडी यांचा अनुभव अगदी वेगळा येतो. दाबून बसलेला मुरूम जवळजवळ डांबरासारखा वाहतो. डांबरीकरणाआधी पसरलेली सुटी खडी चाक बाजूला फेकते.

पूर्वपीठिका

कच्च्या रस्त्यावर सायकल चालवणे हा नवा शोध नव्हे. सायकल आली तेव्हा जगातील बहुतेक रस्ते कच्चेच होते. अमेरिकी सैन्याच्या २५व्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीने १८९७ मध्ये मोंटाना राज्यातील मिझूला ते सेंट लुईस हा सुमारे १,९०० मैलांचा प्रवास सायकलींवरून केला. १९१० च्या तूर द फ्रान्समध्ये स्पर्धक पिरेनीज पर्वतातील तूरमाले खिंड चढले, तेव्हा तो रस्ताही कच्चाच होता. इंग्लंडमध्ये १९५५ साली ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही केवळ डोंगरवाटांनी सायकल नेणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. तिचे सभासद साध्या प्रवासी सायकली वापरत आणि जेथे चाक चालत नसे तेथे सायकल खांद्यावर घेत.

माउंटन बाइकचा उगम कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, टॅमलपायस डोंगराच्या परिसरात झाला. १९७६ पासून तेथे ‘रीपॅक’ नावाची उताराची शर्यत होऊ लागली. उतारावर मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. नाव त्यावरून पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर व टॉम रिची ही या काळातील ठळक नावे. माउंटन बायकिंगची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. विशेष म्हणजे १९९० च्या हंगामात जॉन टोमॅक हा नामवंत स्पर्धक माउंटन बाइकला खाली वळलेले हँडल लावून उतरला होता. म्हणजे या दोन प्रकारांतील सीमारेषा आरंभापासूनच पुसट होती.

आजची ग्रॅव्हल सायकल अमेरिकेच्या मध्यभागातील शेतरस्त्यांवर घडली. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ साली ३४ स्पर्धकांनिशी सुरू झालेली २०० मैलांची शर्यत पुढे ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने जगप्रसिद्ध झाली. साल्सा या कंपनीची वॉरबर्ड (२०१२) ही खास ग्रॅव्हल शर्यतींसाठी बनवलेल्या पहिल्या सायकलींपैकी एक मानली जाते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना (यूसीआय) हिने ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑक्टोबर २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात घेतली. पुरुषांत बेल्जियमचा जियानी व्हर्मेर्श आणि महिलांत फ्रान्सची पोलिन फेरां-प्रेव्हो विजयी झाले. फेरां-प्रेव्हो ही मूळची माउंटन बायकिंगमधील जगज्जेती होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास या सायकलीची खरी पूर्वज काळी, उंच, २८ इंची सायकल म्हणावी लागेल. तिच्या टायरचे माप २८ × १½ इंच, म्हणजे रुंदी सुमारे ४० मिलिमीटर. आजच्या ग्रॅव्हल टायरची सर्वसाधारण रुंदी नेमकी तेवढीच आहे. दूधवाले, टपालवाले व खेडोपाडीचे शिक्षक याच सायकलीवरून मुरमाचे रस्ते, नदीचे उतार व शेताचे बांध पार करीत. तिला गिअर नव्हते व सळईचे ब्रेक पावसात नावापुरतेच उरत, तरी तिने मैलोगणती कच्चा रस्ता पार केला. ‘ग्रॅव्हल’ हा शब्द तेव्हा कोणाच्या कानावर नव्हता, एवढाच फरक.

रचनेतील फरक

ग्रॅव्हल सायकलीचे टायर साधारणतः ३५ ते ५० मिलिमीटर, तर माउंटन बाइकचे ५५ ते ६५ मिलिमीटर रुंद असतात. रिमचा व्यास मात्र बहुधा एकच, ६२२ मिलिमीटर असतो. एकाच रिमवर बसणाऱ्या टायरला एका प्रकारात ‘७००सी’ व दुसऱ्यात ‘२९ इंची’ म्हणतात, यामुळे नवख्या ग्राहकाचा गोंधळ होतो.

माउंटन बाइकचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, अधिक कललेला असतो. त्यामुळे पुढचे चाक चालकाच्या बरेच पुढे राहते आणि उतारावर सायकल उलटण्याची भीती कमी होते. ग्रॅव्हल सायकलीत हा कोन उभट असल्याने सपाटीवर ती चपळ वळते. पण तीव्र उतारावर चालकाचे वजन पुढच्या चाकावर येते. हँडलच्या रुंदीतही मोठे अंतर आहे. माउंटन बाइकचे सरळ हँडल ७२० ते ७८० मिलिमीटर असते, ग्रॅव्हलचे त्याच्या जेमतेम साठ टक्के. दगडाला अडून वळू पाहणारे चाक सरळ ठेवण्यास रुंद हँडलची तरफ उपयोगी पडते. अरुंद हँडलने तेच काम मनगटांना करावे लागते.

गिअरमधील फरक चढावर जाणवतो. पुढे ४० दात्यांचे व मागे सर्वांत मोठे ४४ दात्यांचे चक्र असलेली ग्रॅव्हल सायकल मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवले असता सर्वांत हलक्या गिअरमध्ये ताशी सुमारे ७.२ किलोमीटर वेगाने चालते. पुढे ३२ व मागे ५१ दाते असलेली माउंटन बाइक त्याच लयीत ताशी सुमारे ५.२ किलोमीटर जाते. सायकलसह ८५ किलो वजन १२ टक्के चढावर नेताना केवळ उंची गाठण्यासाठी पहिल्या स्थितीत सुमारे २०० वॅट व दुसऱ्या स्थितीत सुमारे १४५ वॅट शक्ती लागते. नियमित सराव नसलेल्या माणसाला २०० वॅट फार काळ पेलत नाहीत. म्हणून पुष्कळ जण डोंगरवाटेसाठी पुढचे चक्र लहान बसवून घेतात. अनेकदा नव्या सायकलीपेक्षा हा बदल अधिक उपयोगी ठरतो.

या दोहोंमधील प्रकारही आहेत. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या ‘टूर डिव्हाइड’ या लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी साल्साने २०१५ मध्ये आणलेली कटथ्रोट ही खाली वळलेल्या हँडलची, पण माउंटन बाइकच्या रुंद टायरांची सायकल आहे.

डोंगरवाटेवरील चालन

उतारावर हात हँडलच्या वरच्या भागावर न ठेवता खालच्या वळणात ठेवावे लागतात. तेथून ब्रेकवर बोटांची पकड भक्कम बसते व धक्क्याने हात सुटत नाही. पायडल जमिनीला समांतर, गुडघे व कोपरे सैल, बूड बैठकीपासून किंचित वर व मागे, आणि नजर चाकासमोरच्या दगडावर नव्हे तर काही मीटर पुढच्या वाटेवर, ही मूळ स्थिती होय. वेग वळणाआधी कमी करायचा असतो. वळणात ब्रेक दाबल्यास सुट्या मुरमावर पुढचे चाक घसरते आणि ती पडझड सावरायला वेळ मिळत नाही. धक्के शोषणारी यंत्रणा नसल्याने लांब उतारावर तळहात बधिर होतात. करंगळी व अनामिकेत मुंग्या येऊ लागल्या की थांबणे इष्ट. तळहातातील मज्जातंतूवर दाब येत असल्याची ती खूण असते.

जेथे वाट पायऱ्यापायऱ्यांची होते तेथे उतरून चालावे. यात कमीपणा मानण्याची पद्धत अलीकडची आहे.

परदेशांत अनेक ठिकाणी सायकलवाटांना हिरवी, निळी, काळी अशी काठिण्यश्रेणी दिलेली असते. हिरव्या व काही निळ्या वाटा ग्रॅव्हल सायकलीला झेपतात. सह्याद्रीत अशी श्रेणी नाही. गिर्यारोहणाच्या पुस्तकांत वाटेला ‘सोपी’ म्हटलेले असते ते पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने. दोन फूट उंचीचा खडक चालणाऱ्याला क्षुल्लक असतो, ग्रॅव्हल सायकलीला तो अडथळाच असतो. या एका शब्दावर विसंबून निघालेल्यांची फसगत होते.

टायर, काटे व चिखल

टायरमधील हवा हा या प्रकारातील कळीचा मुद्दा आहे. सुमारे ७० किलो वजनाच्या चालकास ४० मिलिमीटर रुंदीच्या ट्यूबविरहित टायरमध्ये डोंगरवाटेवर २५ ते ३० पीएसआय हवा साधारणतः पुरते. अधिक हवेने चाक दगडांवर उसळते. फारच कमी हवेने रिम दगडावर आपटते. ट्यूब असलेल्या टायरमध्ये अशा आपटीने ट्यूब चिमटून तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात.

दख्खनच्या पठारावर दगडांपेक्षा काट्यांचा उपद्रव मोठा. बाभूळ व वेडी बाभूळ यांचे काटे टायर सहज भेदतात आणि पावसाळ्यानंतर वाटेवर पसरणारे सराटे एकाच वेळी अनेक छिद्रे पाडतात. ट्यूबविरहित टायरमध्ये घातलेले लॅटेक्सचे द्रव्य अशी बारीक छिद्रे आपोआप बुजवते, परंतु उन्हाळ्यात ते लवकर वाळते व दर दोन-तीन महिन्यांनी तपासावे लागते. काळ्या मातीवर मात्र कोणताही उपाय चालत नाही. पहिल्या पावसानंतर ती टायरला थरावर थर चिकटत जाते, चिमटा व चाक यांच्यामधली जागा भरून टाकते आणि शंभर पावलांत सायकल ढकलणेही अशक्य होते. मुरमाड वाट त्याच पावसानंतर थोड्या वेळात निचरून चालण्याजोगी होते. वाट निवडताना अंतरापेक्षा माती आधी पाहावी, ती यामुळे.

राहाता व अकोले परिसर

अहिल्यानगर जिल्ह्यात या सायकलीला अनुकूल अशी दोन अगदी भिन्न क्षेत्रे आहेत. राहाता तालुका गोदावरी व प्रवरा यांच्या दरम्यानच्या सपाट, बागायती प्रदेशात येतो. येथे डोंगरवाटा नाहीत. ऊस व पेरूच्या बागांमधून जाणारे पाणंद रस्ते, गाडीवाटा आणि कालव्यांच्या कडेचे सेवामार्ग आहेत. नगर–मनमाड महामार्गावरील अवजड वाहतूक व शिर्डीकडे जाणाऱ्या पालख्यांची गर्दी टाळून सराव करण्यासाठी हे रस्ते उपयुक्त आहेत. शिर्डीजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सायकलींना प्रवेश नाही. कालव्यालगतचे मार्ग जलसंपदा विभागाचे असून ते सार्वजनिक रस्ते नव्हेत. त्यांना कठडा नसतो, आणि आवर्तन सुटलेले असताना तोल जाऊन पाण्यात पडल्यास कालव्याच्या उतरत्या, निसरड्या काठावरून वर येणे कठीण असते.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग आहे. संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावी पोहोचता येते. प्रवरेवरील विल्सन धरणाच्या जलाशयाभोवती रतनवाडी, साम्रद व घाटघर या गावांना जोडणारा रस्ता चढउताराचा असून त्यातून फुटणाऱ्या वाड्या-वस्त्यांच्या कच्च्या वाटा ग्रॅव्हल सायकलीच्या आवाक्यात येतात. कळसूबाई (१,६४६ मीटर) व रतनगड यांच्या वाटांवर लोखंडी शिड्या आहेत, आणि सांधण दरी तर खडकातली खोल भेगच आहे. ही ठिकाणे पायी जाण्याची आहेत.

या दोन्ही तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीप्रदेशात स्वयंचलित कॅमेऱ्यांनी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले. हा प्रदेश जंगल नसून दाट लोकवस्तीची शेती होती. उसाच्या फडालगतच्या वाटेने पहाटे व तिन्हीसांजेनंतर एकट्याने सायकल नेऊ नये, असे स्थानिक शेतकरी सांगतात तो सल्ला पाळण्याजोगा आहे. सायकल आवाज न करता येते, त्यामुळे जनावर व माणूस दोघेही अचानक समोरासमोर येतात.

प्रवेश व वाटेची हानी

भंडारदऱ्याभोवतीचा बराचसा डोंगराळ भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातील प्रवेशास परवानगी लागते आणि ठरलेल्या रस्त्याबाहेर सायकल नेणे हा वन विभागाच्या अखत्यारीतील विषय आहे. शेतांच्या बांधांवरील वाटांचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात. पण तो शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी असतो, प्रवासी सायकलस्वारासाठी नव्हे. पाणंदीच्या वादांवरून गावोगावी भाऊबंदकी चालते, हे ध्यानात घेतल्यास उभ्या पिकाच्या कडेने जाण्यापूर्वी मालकास विचारण्याचे महत्त्व कळते.

ओल्या वाटेवर मागचे चाक अडकवून घसरत उतरल्याने मातीत चर पडतो. पुढच्या सरीचे पाणी त्याच चरातून वाहते आणि एका हंगामात पायवाटेची घळ होते. सह्याद्रीतील या वाटा मुळात वस्तीवरच्या माणसांच्या आहेत. शाळेची मुले, पाण्याचे हंडे आणणाऱ्या स्त्रिया व गुरे यांची रोजची ये-जा त्यांवरून असते. वाट अरुंद असेल तेथे सायकलस्वाराने थांबून त्यांना आधी जाऊ द्यावे, असा संकेत आहे. जनावरे असल्यास उतरून, दरीची बाजू त्यांना न देता, उभे राहावे लागते.

स्पर्धा

भारतात डोंगरी सायकलिंगच्या स्पर्धांमध्ये हिमाचल प्रदेशातील ‘एमटीबी हिमालय’ ही २००५ मध्ये सुरू झालेली अनेक टप्प्यांची शर्यत विशेष परिचित आहे. तिचे मार्ग माउंटन बाइकसाठी आखलेले असतात. जागतिक ग्रॅव्हल अजिंक्यपद स्पर्धा २०२३ मध्ये पुन्हा व्हेनेतोत झाली व स्लोव्हेनियाचा मातेय मोहोरिच आणि पोलंडची कातार्झिना न्येव्हियादोमा यांनी ती जिंकली. २०२४ मध्ये बेल्जियममधील ल्युव्हेन येथे संपलेल्या स्पर्धेत नेदरलँड्सचे मॅथ्यू व्हान डर पूल व मारियान व्होस विजेते ठरले.